रंकाळ्याची फेरी आणि अंगातला बंदोबस्त

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात दोन पक्ष आहेत. पहिल्याचे पुढारी एक निवृत्त बँकवाले. "सर, सहा वर्षं झाली, एक दिवस चुकवला न्हाई. आणि सहा वर्षांत साधी शिंक न्हाई बघा." दुसऱ्या पक्षात आमचे एक शेजारी. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो एकवीस किलोमीटरची शर्यत पळाला, तिसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं आणि आठवडा अंथरुणात गेला. "एवढं पळून मिळालं काय? पदक आणि सर्दी!" हा वाद संध्यामठाच्या बाजूला सुरू होतो आणि शालिनी पॅलेस मागे पडला तरी मिटत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवाडा माझ्याकडे येतो. गंमत अशी की शास्त्रज्ञांमध्येही नेमके हेच दोन पक्ष आहेत आणि कित्येक वर्षं त्यांचं भांडण चाललंय.

घोळ खरं तर 'प्रतिकारशक्ती' या शब्दातच आहे. शक्ती म्हटलं की आपल्याला टाकी आठवते, भरली की भरली, रिकामी झाली की आजार. औषधाच्या दुकानातल्या 'इम्युनिटी वाढवा' छाप डब्या याच समजुतीवर खपतात. पण ही शक्ती नुसती वाढवत नेली तर भलं होईलच असं नाही. दमा, ॲलर्जी, आमवात ही सगळी भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी चवताळलेल्या प्रतिकाराचीच उदाहरणं आहेत. टाकीपेक्षा पोलीस खातं ही उपमा जास्त जवळची. किती माणसं आहेत एवढ्यावर भागत नाही. ती कुठं उभी आहेत, कुणाला ओळखतात आणि काम संपल्यावर परत जातात का, हेही बघावं लागतं.

विषाणूच्या बाबतीत या खात्याचं काम अवघड असतं, कारण चोर रस्त्यावर नसतो, तो आपल्याच घरात शिरून बसलेला असतो. विषाणूकडे स्वतःची अशी यंत्रणा नसते. तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. म्हणून त्याला मारायचं तर आपलीच बाधित पेशी शोधून संपवावी लागते. हे काम दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी करतात. एक 'नैसर्गिक मारक पेशी', ज्या दारोदार ओळखपत्र तपासतात आणि ज्या पेशीनं ते दडवलंय तिला जागेवरच संपवतात. दुसऱ्या 'मारक टी पेशी', ज्या ठरावीक एकाच चोराचा चेहरा पाठ करून बसलेल्या असतात. प्रतिपिंडं, म्हणजे आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणतो, ती तिसरी तुकडी. ती विषाणूला घरात शिरण्याआधी वेशीवरच अडवते.

आता तुम्ही भरभर चालायला लागलात, किंवा पन्हाळ्याचा चढ चढायला घेतलात, की काय होतं? हृदयाचे ठोके वाढतात, अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हे अ‍ॅड्रेनलिन नैसर्गिक मारक पेशी आणि अनुभवी टी पेशींच्या अंगावरच्या खास कड्या वाजवतं. या पेशी एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून किंवा प्लीहेत बसून असतात. कडी वाजली की त्या सुटतात आणि रक्तात येतात. काही मिनिटांतच रक्तातल्या मारक पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढते. मग व्यायाम थांबतो, आणि तास-दोन तासांनी रक्त काढून मोजलं तर उलटंच चित्र दिसतं. व्यायाम जोरदार आणि लांबलेला असेल तर या पेशींची संख्या सुरुवातीपेक्षाही खाली गेलेली असते. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं मूळ पदावर येतं.

या खड्ड्यावरूनच सगळं भांडण. शास्त्रज्ञांतल्या जुन्या, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या बाजूच्या, पक्षाचं म्हणणं असं की मोठ्या श्रमानंतर काही तास प्रतिकार ढेपाळतो, एक खिडकी उघडी राहते आणि विषाणू तिच्यातून आत येतो. ऐकायला पटतं. पण मोजमाप कुठलं होतं? फक्त रक्तातलं.

अनंत चतुर्दशीच्या दिवशीचं कोल्हापूर आठवा. दुपारी मिरजकर तिकटीला उभं राहिलात तर पोलिसांच्या गाड्यांवर गाड्या येताना दिसतात, बाहेरच्या जिल्ह्यातूनही कुमक आलेली असते. रात्री नऊला त्याच जागी येऊन मोजलेत तर कदाचित पाच-सहाच पोलीस दिसतील. याचा अर्थ बाकीचे नोकरी सोडून गेले असा कुणी काढेल का? ते महाद्वार रोडला आहेत, पापाच्या तिकटीला आहेत, गंगावेशीत आहेत, नदीच्या घाटावर दोरखंड धरून उभे आहेत. रक्त हा नुसता रस्ता आहे. आपल्या लिम्फोसाइट पेशींपैकी (टी पेशी आणि मारक पेशी याच गटातल्या) फार तर दोनेक टक्के एका वेळी रक्तात असतात, बाकी सगळ्या अवयवांत. प्राण्यांच्या टी पेशींना खूण करून त्यांना पळवलं तेव्हा असं दिसलं की पळाल्यानंतर त्या पेशी फुप्फुसात, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत जाऊन बसल्या होत्या. यांतली पहिली दोन ठिकाणं म्हणजे विषाणू जिथून आत येतो, नेमकी तीच. २०१८ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या जेम्स टर्नर आणि जॉन कॅम्पबेल यांनी हे सगळे पुरावे एकत्र मांडून 'व्यायामानं प्रतिकार दबतो' या समजुतीवर उघड हल्ला चढवला. तो वाद अजून पुरता शमलेला नाही, पण माझ्या मते पारडं त्यांच्या बाजूला झुकलंय.

मग शेजाऱ्यांच्या मुलाची सर्दी? तिच्याही बाजूनं जुने आकडे आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या छप्पन्न किलोमीटरच्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांत ३३ टक्के धावपटूंनी सर्दी-खोकल्याची तक्रार केली. त्यांच्याच घरातल्या न पळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. पुढे १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधल्या धावपटूंची पाहणी डेव्हिड नीमन या संशोधकांनी केली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के धावपटू आजारी पडले. तशीच तयारी करूनही त्या दिवशी न पळालेल्यांमध्ये आकडा होता २.२ टक्के. यावरून नीमन यांनी इंग्रजी 'जे' अक्षरासारखी एक रेघ काढली. बैठ्या माणसाला धोका मध्यम, नेमका व्यायाम करणाऱ्याला सर्वांत कमी, आणि अती करणाऱ्याला सर्वांत जास्त.

माझी तक्रार एवढीच की या दोन्ही पाहण्यांत कुणाच्या नाकातला नमुना तपासला नव्हता. धावपटूंनी सांगितलं 'घसा दुखतोय', ते लिहून घेतलं. पुढे जेव्हा कुणीतरी खेळाडूंच्या घशाचे नमुने प्रयोगशाळेत नेले, तेव्हा तक्रारींपैकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी ठिकाणी खरोखरचा जंतू सापडला. बाकीच्यांचा घसा तासन्‌तास तोंडानं कोरडी हवा ओढल्यामुळे सोलवटलेला, किंवा ॲलर्जी असलेला. आणि ज्यांना खरंच संसर्ग झाला त्यांच्या बाबतीतही गुन्हेगार एकटं पळणं असतं का? मी शेजाऱ्यांना विचारलं, आदल्या रात्री पोरगं झोपलं किती? चार तास. आलं कसं? बंद काचांच्या गाडीतून, शेजारी एक जण खोकत होता. सुरुवातीच्या रेषेवर हजारो माणसं खांद्याला खांदा लावून धापा टाकत उभी. झोपेचं म्हणाल तर अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून पाहिला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. त्या पोराच्या सर्दीचं खापर मी पायांवर फोडणार नाही.

आता बँकवाल्यांचा दावा. सहा वर्षांत शिंकच नाही, हे मी सोडून देतो. माणूस आपल्या शिंका मोजत नाही. पण त्यांच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, आणि तो त्याच नीमनसाहेबांचा. १,००२ प्रौढांवर त्यांनी थंडीच्या हंगामात बारा आठवडे लक्ष ठेवलं. आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. करोनाच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात ४८,४४० बाधित रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. आजारापूर्वीची दोन वर्षं सातत्यानं बैठं आयुष्य काढलेल्यांना, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचा आणि मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक होता. अशा पाहण्यांत एक मेख असते. जो चालायला जातो तो बहुधा आधीच बऱ्या तब्येतीचा असतो, विडी-तंबाखू कमी, जेवण वेळेवर. हे सगळं वजा करायचा प्रयत्न संशोधक करतात, पण पूर्ण वजा होत नाही.

उंदरांवर मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडता येतात. २००५ साली इलिनॉयमध्ये उंदरांना फ्लूची लागण केली आणि लक्षणं दिसायच्या आधीच्या मोजक्या दिवसांत काहींना रोज वीस-तीस मिनिटं सावकाश पळवलं. पळालेल्या २२ पैकी १८ जगले. न पळालेल्या २३ पैकी १०. ज्यांना मात्र रोज अडीच तास दामटलं, ते उलट जास्त आजारी दिसले. मला या प्रयोगातलं सगळ्यात बोलकं हेच वाटतं.

हा फायदा येतो कुठून? एक उत्तर सांगितलं, रोजची गस्त. दुसरं उत्तर स्नायूंमध्ये आहे, आणि ते कळलं तेव्हा मी स्वतः चकित झालो होतो. आम्हाला शिकवलं होतं, आणि मीही कित्येक वर्षं तेच शिकवलं, की स्नायू म्हणजे ओढणारी दोरी. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटानं २००० सालच्या सुमारास दाखवलं की काम करणारा स्नायू हा एक ग्रंथीच आहे. तो इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतो, आणि लांबलेल्या व्यायामात त्याचं प्रमाण शंभर पटींपर्यंत चढू शकतं. हेच इंटरल्यूकिन-६ करोनाच्या बातम्यांमध्ये खलनायक म्हणून आपण ऐकलं होतं. पण स्नायूतून थोडा वेळ सुटलेलं ते वेगळं वागतं. त्याच्या पाठोपाठ दाह शमवणारे निरोप निघतात. सुटलेल्या पोटाच्या चरबीतून मात्र दाहाची मंद आच चोवीस तास धुमसत असते. त्या आचेवर वर्षानुवर्षं बसलेलं पोलीस खातं थकतं, चिडचिडं होतं, खऱ्या चोराच्या वेळी गोंधळतं. रोजचा घाम ही आच कमी करतो.

तिसरं थायमसचं. छातीच्या हाडामागं ही छोटी ग्रंथी असते, टी पेशींची प्रशिक्षण शाळाच. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते, म्हणून म्हातारपणी नव्या विषाणूपुढे आपण कच्चे पडतो. २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलस्वारांना तपासलं, तरुणपणापासून लांब पल्ल्याची सायकल मारणारी मंडळी ही. त्यांच्या रक्तात शाळेतून ताज्या बाहेर पडलेल्या टी पेशी जवळपास तरुणांइतक्या सापडल्या. थकलेल्या, म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण मात्र त्यांच्यातही समवयस्कांसारखंच होतं. सायकलनं वय सगळं धुऊन निघत नाही.

इथवर बँकवाले खूश होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ताप आला तरी फेरी मारायची ना? घाम निघाला की ताप उतरतो." इथं मला थांबावं लागलं.

लहानपणी मी आमच्या पेठेतल्या तालमीत जायचो. पैलवान होण्याची कुवत नव्हती, वडिलांची हौस होती. पहाटे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायच्या आधी वस्ताद दारात बसून प्रत्येकाच्या मानेला हाताची उलटी बाजू लावायचे. "अंग कढतंय लेका. घरला जा. आज जोर न्हाईत, बैठका न्हाईत." एकदा मी रडकुंडीला आलो, दोन दिवसांवर जोड होती. वस्ताद ढिम्म हलले नाहीत. त्यांना विषाणू ठाऊक नव्हते, पण त्यांचा नियम प्रयोगशाळेत तंतोतंत उतरलाय.

१९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिची रसेल या डॉक्टरांनी पोलिओच्या रुग्णांची चौकशी केली. दुखणं सुरू झाल्यावरही ज्यांनी अंगमेहनत चालू ठेवली होती, त्यांना लकवा जास्त गंभीर झाला होता. ज्यांनी लगेच अंथरूण धरलं ते बऱ्याच अंशी वाचले. १९७० मध्ये अमेरिकेत उंदरांना कॉक्सॅकी नावाचा विषाणू देऊन पोहायला लावलं. पोहणाऱ्यांच्या हृदयात न पोहणाऱ्यांपेक्षा शेकडो पट विषाणू सापडला. हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या या सुजेला मायोकार्डायटिस म्हणतात, आणि धडधाकट तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळण्याच्या कारणांत तिचं नाव येतं. ती झाल्याचं निदान झालं तर डॉक्टर खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धेपासून लांब ठेवतात.

साध्या सर्दीचं तसं नाही. पन्नास विद्यार्थ्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून ३४ जणांना एक दिवसाआड चाळीस मिनिटं मध्यम व्यायाम करायला लावला, १६ जणांना बसवून ठेवलं. सर्दी दोन्ही गटांत सारखीच राहिली, तितकेच दिवस, तितकाच त्रास. म्हणून खेळाडूंचे डॉक्टर गळ्याची खूण सांगतात. त्रास गळ्याच्या वर असेल, नाक गळतंय, शिंका येतायत, तर हळू चालायला हरकत नाही. गळ्याच्या खाली उतरला, छातीत कफ, अंग मोडून आलंय, पोट बिघडलंय किंवा ताप आहे, तर घरी. ताप गेल्यावरही पहिल्याच दिवशी पूर्वीची चाल धरायची नाही. चालताना छातीत दुखलं, धडधड झाली, पूर्वी न लागणारा दम लागला तर सरळ डॉक्टरकडे.

तालमीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या गावाला सांगायलाच हवी. प्रतिकार कितीही तगडा असला तरी विषाणू थेट अंगावर चोळला तर तो काय करणार? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळकरी पैलवानांचं एक शिबिर भरलं होतं. १७५ पैकी ६० पोरांना हर्पिसचे फोड आले, बहुतेकांना चेहऱ्यावर, मानेवर, म्हणजे पकडीत जिथं जिथं घासतं तिथं. डॉक्टरांनी या प्रकाराला नावच 'हर्पिस ग्लॅडिएटोरम' दिलंय. हा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूत जन्मभर दडून राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. हौद्यातली माती हळद, ताक, लिंबू, कापूर, तेल घालून कसतात, माती मऊ राहते आणि वास तर असा की अजून आठवतो. पण हा विषाणू कातडीवरून कातडीवर जातो, त्याला मातीची गरज नाही. फोड दिसला की पोराला जोडीपासून बाजूला ठेवणं, टॉवेल आणि लंगोट ज्याचा त्याचा वेगळा, लढतीनंतर लगेच साबणानं अंघोळ, मॅट असेल तर रोज पुसणं, एवढं केलं तरी खूप झालं. आणि वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस उपाशी-तहानलेलं राहून घाम गाळण्याचा जो प्रकार हल्ली चालतो, तो प्रतिकाराच्या मुळावरच येतो. खुराक बंद, पाणी बंद, झोप बंद, वर ताण. असल्या अंगात गस्तीला निघायला पेशींनी बळ आणायचं कुठून?

किती व्यायाम पुरे, हा प्रश्न रोजच येतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे शेजारच्याशी बोलता येतंय, पण लावणी म्हणायला घेतलीत तर दुसऱ्या ओळीला दम तुटेल, इतपत.

परवा फ्लूच्या लशीचा विषय निघाला. त्यातही व्यायामाचं काम आहे. साठीपुढच्या बैठ्या लोकांनी दहा महिने नेमानं चालणं-पळणं केलं, तेव्हा फ्लूच्या लशीचं संरक्षण त्यांच्यात जास्त काळ टिकलं. आयोवातल्या एका छोट्या अभ्यासात लस टोचल्यावर लगेच दीड तास भरभर चालायला किंवा सायकल मारायला लावलं, तर चार आठवड्यांनी प्रतिपिंडं जास्त भरली. पाऊण तासानं तो फरक दिसला नाही. बँकवाल्यांनी बोटांवर हिशेब केला.

"दीड तास म्हणजे आपल्या चालीनं दोन फेऱ्या झाल्या, सर."

"दोन फेऱ्या," मी म्हटलं. "आणि लस आधी."